धावपट्टीखालची माणसे

१/
मुंबईहून नागपूरमार्गे हावड्याला जाणारी गाडी टाटानगर सोडते, तेव्हा प्रवासाचे शेवटचे काही तास उरलेले असतात. घाटशिला, धालभूमगड, चाकुलिया, झारग्राम, कलाईकुंडा, खरगपूर अशी स्थानके एकामागून एक मागे पडतात. बाहेर तांबडी माती, सालवृक्षांची राने आणि भाताची खाचरे. लांब पल्ल्याच्या गाड्यांतील फारच थोड्या प्रवाशांचे चाकुलियाशी काही काम असते. १९४४ साली मात्र दुसऱ्या महायुद्धातील सर्वांत महागडी विमानयोजना याच मातीवर उतरली होती.

२/
खरगपूरच्या परिसरात तेव्हा अमेरिकी बी-२९ विमानांचे पाच तळ होते: चाकुलिया, दुधकुंडी, पियारडोबा, कलाईकुंडा आणि खरगपूरजवळचे सलुआ. पुरुलियाजवळचे चर्राही काही महिने वापरात होते. आज कलाईकुंडा भारतीय हवाई दलाकडे आहे, दुधकुंडीला हवाई माऱ्याच्या सरावाचे मैदान आहे, सलुआत ईस्टर्न फ्रंटियर रायफल्सचे मुख्यालय आहे. चाकुलिया, पियारडोबा आणि चर्रा मात्र विमानतळ म्हणून संपले. उपग्रहाच्या नकाशावर शोधणाऱ्याला तिथे शेतांच्या व झाडीच्या मधोमध एक फिकट, अनैसर्गिक वाटावी इतकी सरळ रेषा दिसते.

३/
हरवलेल्या विमानतळांविषयी लिहिताना बहुतेक लेखक या रेषेवरून थेट आकाशात जातात. विमाने, वैमानिक, मोहिमा, अपघात. ती कथा रोमहर्षक आहे आणि या धाग्यातही ती येईल. परंतु त्या जमिनीवरून दोन गोष्टी नाहीशा झाल्या. १९४५ नंतर विमानतळ नाहीसे झाले, आणि त्याआधी, विमानतळ उभे राहताना, तेथील शेते व घरे नाहीशी झाली. पहिल्या नाहीसे होण्याची नोंद तपशीलवार आहे. दुसऱ्याची जवळपास नाही. इतिहासाच्या अभ्यासकांनी या विषमतेकडे दुर्लक्ष करणे आता थांबवले पाहिजे, एवढेच या धाग्याचे म्हणणे आहे.

४/
प्रथम पार्श्वभूमी. मार्च १९४२ मध्ये रंगून पडले आणि काही आठवड्यांत जवळजवळ सारा ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला. २० डिसेंबर १९४२ रोजी कलकत्त्यावर बॉम्ब पडले. पूर्व भारत, जो आजवर साम्राज्याची पिछाडी होता, तो एकाएकी आघाडी बनला. दोनशेहून अधिक विमानतळांचा आराखडा आखला गेला. आसाम, बंगाल, बिहार, ओरिसा, मद्रास इलाखा, सर्वत्र जमिनी मोजल्या जाऊ लागल्या. ज्या प्रदेशात मोटारीचा रस्ता नव्हता, तेथे विमानासाठी रस्ता तयार होऊ लागला.

५/
बी-२९ सुपरफोर्ट्रेसची गोष्ट या आराखड्यात नंतर शिरली. अमेरिकेला जपानच्या मूळ भूमीवर बॉम्बफेक करायची होती. परंतु पॅसिफिकमधील जवळची बेटे अजून हाती आलेली नव्हती. म्हणून १९४३ च्या अखेरीस ‘मॅटरहॉर्न’ ही योजना मंजूर झाली. विमानांचा मुख्य तळ बंगालमध्ये, पुढचा तळ चीनमधील चेंगदूजवळ. चीनची किनारपट्टी जपानकडे असल्याने चेंगदूला समुद्रमार्गे थेंबभरही पेट्रोल पोहोचत नव्हते. जे न्यायचे ते हिमालयाच्या पूर्व टोकावरून, विमानानेच.

६/
खरगपूरच का? बंगाल-नागपूर रेल्वेचे हे मोठे जंक्शन. कलकत्ता बंदर जवळ. जपानी विमानांच्या सहज टप्प्यापासून दूर. शिवाय या भागात लिबरेटर विमानांसाठी तळांची उभारणी आधीच सुरू झालेली होती. त्या सुमारे ६,००० फुटांच्या धावपट्ट्या बी-२९ साठी ७,५०० फुटांपर्यंत, म्हणजे जवळपास २.३ किलोमीटरपर्यंत वाढवण्यात आल्या. हुगळीकाठच्या बज बज येथून इंधनासाठी नळ टाकण्यात आला. अमेरिकी अभियंता तुकड्या यंत्रे घेऊन आल्या. त्यांच्या जोडीला हजारो स्थानिक मजूर होते. त्या काळच्या छायाचित्रांत डोक्यावर खडीच्या पाट्या वाहणाऱ्या स्त्रियांच्या रांगा दिसतात.

७/
२ एप्रिल १९४४ रोजी पहिले बी-२९ चाकुलियाला उतरले. पंखांचा विस्तार ४३ मीटर. पूर्ण भरल्यावर वजन साठ टनांच्या आसपास. यंत्र इतके नवे होते की त्याचे दोष अजून निघायचे होते. त्याची इंजिने तापत, पेटही घेत. कराचीपर्यंत येतानाच काही विमाने कोसळली होती. त्यात पूर्व भारतातला एप्रिल-मे महिन्यांचा उन्हाळा. दुपारी धातूच्या पत्र्याला हात लावणे अशक्य होई, म्हणून दुरुस्तीची कामे पहाटे व रात्री चालत.

८/
पहिली मोहीम ५ जून १९४४ ची, बँकॉकच्या रेल्वे कार्यशाळांवर. ९८ विमाने निघाली, ७७ लक्ष्यापर्यंत पोहोचली. पाच विमाने गेली ती शत्रूच्या गोळ्यांनी नव्हे, अपघातांनी. दहा दिवसांनी, १५ जूनच्या रात्री, चेंगदूहून निघालेल्या विमानांनी यावाताच्या पोलाद कारखान्यावर बॉम्ब टाकले. एप्रिल १९४२ च्या डूलिटल हल्ल्यानंतर जपानच्या मुख्य बेटांवर झालेला हा पहिलाच हवाई हल्ला. यावातात नुकसान किरकोळ झाले. बातमी मात्र जगभर गाजली.

९/
या मोहिमांचे गणित मुळातच तोट्याचे होते. एका विमानाला चेंगदूहून एकदा जपानवर पाठवायचे, तर त्याआधी बंगालहून चेंगदूला इंधनाच्या सहाच्या घरात फेऱ्या कराव्या लागत. पेट्रोल पोहोचवण्यासाठी पेट्रोल जाळायचे, असा हा व्यवहार. जून १९४४ ते जानेवारी १९४५ या काळात चीनमधल्या तळांवरून जपानच्या मुख्य बेटांवर एकूण सुमारे ८०० टन बॉम्ब पडले. तुलनेसाठी: मार्च १९४५ मध्ये टोकियोवर एका रात्रीत १,६०० टनांहून अधिक पडले. युद्धानंतर अमेरिकेच्याच अधिकृत सर्वेक्षणाने चीनमधून झालेल्या या हल्ल्यांना लक्षणीय परिणाम साधण्याइतके बळ नव्हते आणि अचूकताही नव्हती, असा निर्वाळा दिला.

१०/
तरीही या तळांनी इतिहासावर ठसा उमटवला, तो वेगळ्या मार्गाने. ऑगस्ट १९४४ च्या अखेरीस कर्टिस लेमे येथे प्रमुख म्हणून आले. १८ डिसेंबर १९४४ रोजी त्यांच्या विमानांनी चीनमधील जपानव्याप्त हँकौवर मोठ्या प्रमाणात आग लावणारे बॉम्ब टाकले. शहराचा नदीकाठ दिवसचे दिवस जळत राहिला. पुढच्याच महिन्यात लेमे मारियाना बेटांवर गेले, आणि ९-१० मार्च १९४५ च्या रात्री टोकियो पेटले. त्या एका रात्रीत सुमारे एक लाख माणसे मेली असे मानले जाते. त्या रात्रीच्या तंत्राची एक पूर्वतयारी खरगपूरच्या विमानांनी केली होती.

११/
आणखी एक धागा पियारडोब्यातून निघतो. २९ जुलै १९४४ रोजी मांचुरियातील हल्ल्यानंतर तेथल्या गटाचे एक नादुरुस्त विमान सोव्हिएत हद्दीत, व्लादिवोस्तोकला उतरले. सोव्हिएत संघ तेव्हा जपानशी युद्धात नव्हता, म्हणून विमान अडकवून ठेवण्यात आले. त्या वर्षात अशी तीन विमाने त्यांच्या हाती लागली. स्टालिनच्या आज्ञेवरून अभियंत्यांनी एक विमान सुटे केले, प्रत्येक भाग मोजला, तोलला, चितारला, आणि त्यावरून टीयू-४ हे बॉम्बफेकी विमान तयार केले. १९४७ मध्ये त्याने उड्डाण केले.

१२/
जानेवारी १९४५ पासून चेंगदूचा वापर थांबला. बंगालमधून सिंगापूर, रंगून, बँकॉक येथे काही हल्ले झाले; शेवटचा मार्च १९४५ च्या अखेरीस, सिंगापूरवर. तोवर मारियाना बेटे हाती आलेली होती. टिनियनहून जपान सुमारे २,४०० किलोमीटर, आणि इंधन जहाजाने दारात. विमाने, माणसे, यंत्रे तिकडे गेली. ज्या धावपट्ट्यांसाठी एवढा खटाटोप झाला, त्यांचे बी-२९ चे आयुष्य जेमतेम एक वर्षाचे ठरले.

१३/
येथवरची कथा अनेक पुस्तकांत सापडते. कोणते विमान कोणत्या दिवशी उडाले, त्यात कोण बसले होते, कोणते इंजिन बंद पडले, वैमानिकांनी विमानाच्या नाकाडावर कोणते चित्र काढले होते, सारे नोंदलेले आहे. सोव्हिएत अभियंत्यांना तर बी-२९ चा खिळा न् खिळा ठाऊक होता. परंतु पियारडोब्याच्या धावपट्टीखाली कोणाचे शेत होते, हे सांगणारे पुस्तक शोधू गेले तर हाती काही लागत नाही.

१४/
ही माहिती कधीच कोणी विचारली नाही, असे मात्र नाही. बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाची चौकशी करणाऱ्या वुडहेड आयोगाने १९४५ च्या अहवालात लष्करी कामांसाठी घेतलेल्या जमिनींचा प्रश्न नोंदवला. बंगाल प्रांतात लष्कराच्या गरजांसाठी तीस हजारांहून अधिक कुटुंबांना घरे आणि जमिनी सोडाव्या लागल्या, असा त्यातील अंदाज आहे. नुकसानभरपाई दिली गेली. तरीही यांतील अनेक कुटुंबांतली माणसे दुष्काळात बळी पडली याबद्दल फारशी शंका नाही, असेही आयोगाने मान्य केले. सरकारी अहवालातली ही कबुली अवघ्या दोन-चार ओळींची आहे.

१५/
भरपाई मिळूनही माणसे का मेली? कारण भरपाई पैशांत होती आणि भूक तांदळाची होती. १९४२ च्या डिसेंबरात कलकत्त्यात तांदूळ मणाला १३-१४ रुपये होता; १९४३ च्या ऑगस्टात तो ३० रुपयांच्या पुढे गेला. शेत असलेल्या कुटुंबाच्या कणगीत दुष्काळातही चार मुठी भात असतो. शेताच्या जागी नोटा आल्या की तेच कुटुंब बाजाराच्या स्वाधीन होते. आज मिळालेली रक्कम सहा महिन्यांनी अर्ध्यावर येते. ज्याने पिकवणे सोडले त्याला विकत घेणे भाग पडले, आणि ज्या वर्षी विकत घ्यायचे ते वर्ष १९४३ होते.

१६/
‘तीस हजार कुटुंबे’ हा आकडाही अपुरा आहे, आणि याचे कारण नकाशात दडलेले आहे. हा आकडा बंगाल प्रांताचा. चाकुलिया तेव्हा सिंहभूम जिल्ह्यात आणि चर्रा मानभूम जिल्ह्यात होते. हे दोन्ही जिल्हे बिहार प्रांताचे. म्हणजे ज्या गावी पहिले बी-२९ उतरले, तेथील उठवलेली माणसे या गणतीत येतच नाहीत. बंगालच्या दुष्काळाचा इतिहास त्यांना वगळतो, कारण ती बंगालची नव्हती. हवाई युद्धाचा इतिहास त्यांना वगळतो, कारण ती उडत नव्हती.

१७/
शिवाय भरपाई कोणाला मिळते? ज्याचे नाव कागदावर असते त्याला. या प्रदेशात दुसऱ्याची जमीन अर्धेलीने कसणारे, शेतमजूर, रानातल्या पाल्यावर, लाकडावर आणि मोहावर अर्धे वर्ष काढणारे संथाळ, भूमिज, मुंडा मोठ्या संख्येने होते. रान तोडून धावपट्टी झाली, तर रानावर जगणाऱ्याने कोणता सातबारा दाखवायचा? भूसंपादनाच्या हिशेबात अशा माणसाचे काहीच गेलेले नसते. महाराष्ट्रातील धरणग्रस्तांच्या लढ्यांचा इतिहास वाचलेल्यांना हा प्रश्न नवा वाटणार नाही.

१८/
आणि हा जिल्हा कोणता, हेही ध्यानात घ्यावे. मिदनापूर. १९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनात जिल्ह्याचा पूर्व भाग पेटलेला होता. २९ सप्टेंबरला तामलुक येथे मातंगिनी हाजरा गोळीबारात मारल्या गेल्या. १६ ऑक्टोबरला किनाऱ्यावर भीषण चक्रीवादळ आले. मिदनापूर व चोवीस परगणा मिळून सुमारे १४,५०० माणसे दगावली. जपान्यांच्या हाती पडू नयेत म्हणून किनारपट्टीवरच्या होड्या आणि तांदळाचे साठे आधीच काढून घेतले गेले होते. डिसेंबरात तामलुकला ‘ताम्रलिप्त जातीय सरकार’ स्थापन झाले, साताऱ्याच्या प्रतिसरकाराचे हे समकालीन भावंड. त्याच जिल्ह्याच्या पश्चिम भागात धावपट्ट्या तयार होत होत्या.

१९/
खर्चाची बाजूही पाहावी. अमेरिका आपल्या मित्रांना ‘लेंड-लीज’खाली युद्धसाहित्य देत होती, त्याची उलट बाजू म्हणून अमेरिकी सैन्यासाठी लागणारी जमीन, मजुरी व बांधकाम भारत सरकारने पुरवायचे, अशी व्यवस्था होती. युद्धखर्च भागवण्यासाठी भारतात नोटा छापल्या गेल्या. युद्धाच्या आरंभापासून अखेरपर्यंत चलनातील नोटा सहापटींहून अधिक वाढल्या. म्हणजे धावपट्टीसाठी शेतकऱ्याची जमीन गेली आणि तिच्या खर्चामुळे त्याच्या हातातल्या रुपयाची किंमतही गेली. एकाच विमानतळाची किंमत एकाच माणसाने दोनदा चुकवली.

२०/
यावर एक आक्षेप येतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. जपानी सैन्य दाराशी आले होते. ब्रह्मदेशात आणि अंदमानात त्याने काय केले हे जगाला ठाऊक आहे. १९४४ मध्ये इंफाळला वेढा पडला तेव्हा पूर्व भारतातील विमानतळांवरून झालेल्या रसद-पुरवठ्यानेच तो टिकला. विमानतळ नसते तर युद्ध कदाचित आसामात आणि बंगालात लढले गेले असते, आणि तेथील शेतकऱ्याची स्थिती अधिकच भयानक झाली असती. हे सारे खरे आहे.

२१/
परंतु या आक्षेपातून निघते ते एवढेच, की विमानतळ हवे होते. ते बांधताना उठवलेल्या माणसाला तांदूळ द्यायचा की नोटा, पर्यायी जमीन द्यायची की नाही, त्याचे नाव नोंदवायचे की नाही, हे निर्णय युद्धाने केले नाहीत. ते कचेरीत बसून माणसांनी केले. शिवाय रसद पुरवणारे विमानतळ आणि मॅटरहॉर्नचे विमानतळ यांत फरक आहे. पहिल्यांनी इंफाळ वाचवले. दुसऱ्यांविषयी खुद्द अमेरिकी सर्वेक्षणाचा निर्वाळा वर आलाच आहे.

२२/
दुसरा आक्षेप असा की, तळांनी रोजगार दिला. त्या भीषण वर्षात खडी फोडून मिळालेल्या मजुरीवर कित्येक घरे तगली असतील. हेही नाकारण्याचे कारण नाही. मात्र यातील विपर्यास पाहावा: आपल्याच शेतावर खडी अंथरण्याची मजुरी घेऊन माणसाने जगायचे, आणि ते काम संपले की? मार्च १९४५ नंतर विमाने गेली, मजुरी गेली आणि शेताच्या जागी टणक पट्टी उरली. नांगर तिच्यावर चालत नाही.

२३/
अन्यत्र काय झाले ते पाहू. डिसेंबर १९४३ मध्ये इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातील टाइनहॅम हे गाव रणगाड्यांच्या सरावासाठी रिकामे करण्यात आले. २२५ माणसे घरे सोडून गेली आणि त्यांना परत येऊ दिले गेले नाही. आज ते गाव जपून ठेवलेले आहे. शाळा, चर्च, घरांच्या भिंती पाहायला लोक जातात, आणि कोणत्या घरात कोण राहत होते याची माहिती तेथे वाचता येते. युद्ध तेच, साम्राज्य तेच, वर्षही जवळपास तेच. २२५ माणसांना गावासह स्मृती मिळाली. तीस हजार कुटुंबांच्या वाट्याला अहवालातील दोन-चार ओळी आल्या.

२४/
महाराष्ट्रात १९२१ मध्ये मुळशीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. धरण झालेच, जमिनी बुडाल्याच. पण सेनापती बापट आणि मावळच्या शेतकऱ्यांच्या लढ्यामुळे त्या बुडालेल्या गावांना इतिहासात जागा मिळाली. खरगपूर-चाकुलियाच्या शेतकऱ्यांना ती संधीही नव्हती. भारत संरक्षण नियमांखाली जमीन घेतली जात होती, वृत्तपत्रांवर निर्बंध होते, नेते तुरुंगात होते. लष्करी तळाचे नाव छापणेही जोखमीचे होते. जो विमानतळ गुप्त, त्याचे विस्थापितही गुप्तच.

२५/
स्मृती जपता येत नाही, असे म्हणण्यास वाव नाही. खरगपूरमध्येच त्याचा पुरावा आहे. हिजलीच्या बंदिवासात १६ सप्टेंबर १९३१ रोजी पोलिसांनी राजबंद्यांवर गोळ्या झाडल्या. संतोषकुमार मित्र आणि तारकेश्वर सेनगुप्त हुतात्मे झाले. युद्धकाळात त्याच इमारतीत अमेरिकी बॉम्बफेकी दलाचे मुख्यालय होते. १९५१ मध्ये तेथेच देशातील पहिली भारतीय प्रौद्योगिकी संस्था नावारूपाला आली. आज त्या वास्तूला ‘शहीद भवन’ म्हणतात. एका इमारतीचे तीन जन्म लक्षात ठेवता येतात, तर काही किलोमीटरवरच्या जमिनीचे दोन का नाहीत?

२६/
हा प्रश्न केवळ भावनेचा नाही, कारण या जमिनी पुन्हा चर्चेत आहेत. चाकुलियाच्या शेजारी धालभूमगडला आणखी एक युद्धकालीन धावपट्टी आहे. तेथे नव्या विमानतळाची पायाभरणी २०१९ मध्ये झाली. चाकुलियाच्या पट्टीवर पुन्हा विमाने उतरावीत असे प्रस्तावही मांडले गेले आहेत. विमानतळ व्हावा की न व्हावा हा निराळा वाद. पण ‘ही तर युद्धकाळापासूनची सरकारी जमीन’ असे वाक्य जेव्हा सहज उच्चारले जाते, तेव्हा इतिहासाच्या अभ्यासकाने तेथेच थांबून विचारले पाहिजे: युद्धाच्या आधी ती कोणाची होती?

२७/
उत्तर शोधण्याचे मार्ग आहेत. भूसंपादन झाले म्हणजे अधिसूचना निघाल्या, मोजणी झाली, भरपाईच्या याद्या झाल्या. त्यांचा माग जिल्हा कचेऱ्यांच्या दप्तरखान्यांत आणि प्रांतिक अभिलेखागारांत घ्यायला हवा. १९४२ पूर्वीच्या जमीन-मोजणीचे नकाशे आजच्या उपग्रह-चित्रांवर ठेवले, तर कोणता गट, कोणती वाडी पट्टीखाली गेली हे कळू शकते. आणि त्या वर्षी दहा वर्षांची असलेली मुले आज नव्वदी ओलांडलेली आहेत. कागद आणखी काही वर्षे थांबेल. ही माणसे थांबणार नाहीत.

२८/
बंगाली, संथाळी आणि हिंदी जाणणाऱ्या तरुण अभ्यासकांनी हे काम प्रथम हाती घ्यावे, हे उघडच आहे. मराठी अभ्यासकांनाही यात वाटा उचलता येईल. कोणत्या गडाला कोणी वेढा घातला यापलीकडे जाऊन गडाच्या पायथ्याच्या गावाने तो वेढा कसा सोसला, हे विचारण्याची सवय येथील इतिहासलेखनाला हळूहळू लागते आहे. तोच प्रश्न विसाव्या शतकाच्या धावपट्टीला विचारायचा आहे. साधन बदलले, तरी पायथ्याला राहणारा माणूस तोच आहे.

२९/
हावड्याची गाडी आजही त्या मार्गाने जाते. चाकुलिया मागे पडते, मग झारग्राम, मग कलाईकुंडा. तेथून आजही लढाऊ विमाने उडतात आणि प्रवासी खिडकीतून वर पाहतात. वर पाहण्यात गैर काही नाही. फक्त एकदा खाली, त्या तांबड्या मातीकडेही पाहावे. विमानतळ हरवला असे जेथे म्हटले जाते, तेथे सिमेंटची पट्टी अजून दिसते. जे खरोखर हरवले, त्याची नावे अजून कोणी लिहून काढलेली नाहीत.